शिकारी पक्ष्यांची ओळख आणि आपली मराठी

मराठी माणसाच्या बोलण्यात शिकारी पक्षी पुष्कळ आहेत. एखादा मुलगा परीक्षेत वर आला की त्याने गरुडझेप घेतली असे आपण म्हणतो. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईची नजर घारीची असते. सावकार गिधाडासारखा टपून बसतो. आणि ऐतिहासिक कादंबरीतला सरदार शत्रूवर ससाण्यासारखी झडप घालतो. भाषेत इतके पक्षी असताना, वावरात उभे राहून वर बोट दाखवावे आणि 'तो कोणता पक्षी?' असे विचारावे, तर उत्तर बहुधा एकच येते : 'घार.' फार तर 'मोठी घार' किंवा 'लहान घार'. लेखक, प्राध्यापक, कवी या बाबतीत इतरांहून फारसे वेगळे नसतात. शब्द हाताशी आहे पण त्याची वस्तू डोळ्यांना ठाऊक नाही, अशी ही स्थिती आहे. भाषेच्या अभ्यासकाने तिच्याकडे पाहायला हवे असे मला वाटते. एरवी हा विषय पक्षिनिरीक्षकांचा. परंतु पक्षी ओळखणे हे फार मोठ्या प्रमाणात वर्णन वाचण्याचे आणि वर्णन करण्याचे काम आहे, आणि वर्णन म्हटले की ते टीकेच्या कक्षेत येते.

माझे म्हणणे थोडक्यात असे : शिकारी पक्ष्याची ओळख विशेषणांनी सुरू होत नाही, ती क्रियापदांनी सुरू होते. आपले पक्ष्यांविषयीचे बरेचसे लेखन विशेषणांपाशी थांबते, म्हणून वाचकाला पुस्तक मिळते, पक्षी मिळत नाही.

प्रथम आपले वाक्प्रचारच तपासू. 'गरुडझेप' हा शब्द आपण उत्कर्षासाठी, वर जाण्यासाठी वापरतो. वस्तुतः शिकारी पक्ष्याची झेप असते ती खाली, भक्ष्यावर. वर जाताना गरुड झेप घेत नाही; तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेचा आधार घेऊन, पंख जवळजवळ न हलवता, गिरक्या घेत तो हळूहळू चढतो. म्हणून सकाळी दहाच्या आत आकाशात गरुड क्वचितच दिसतो. जमीन तापेपर्यंत तो झाडावर बसून राहतो. म्हणजे आपल्या वाक्प्रचारात दिशा चुकली आणि गतीही चुकली. 'घारीची नजर' मात्र खरी आहे. ती कोणीतरी पाहून म्हटलेली आहे. वाक्प्रचार खोटा असला म्हणून काही बिघडत नाही असे कोणी म्हणेल. बिघडते ते इतकेच की, प्रतिमा वापरणाऱ्याने पक्षी पाहिला नव्हता हे त्यातून कळते, आणि वाचणाऱ्यालाही तो पाहण्याची गरज उरत नाही.

आपली परंपरा मुळात अशी नव्हती. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी रचण्याचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत श्येनचिती आहे. आणि तिच्या एका प्रकाराचे नाव 'वक्रपक्ष व्यस्तपुच्छ श्येन' असे आहे. पंख वाकवलेला आणि शेपटी पसरलेला श्येन! विटा रचणाऱ्याला पक्ष्याचा रंग सांगून उपयोग नव्हता. उडत्या पक्ष्याची आकृती सांगायला हवी होती. आजचा निरीक्षक दुर्बीण डोळ्यांना लावून पहिल्यांदा ज्या दोन गोष्टी पाहतो त्या याच : पंखांची ठेवण आणि शेपटीचा आकार. अमरकोशात श्येनाला 'शशादन' म्हटले आहे, म्हणजे सशांना खाणारा. आपल्या 'ससाणा' या शब्दाचे नाते त्याच्याशी जोडण्याचा मोह कोणालाही होईल. शशादन हे नावच एक कृती आहे. आणि शिबी राजाच्या कथेत कबुतराच्या मागे आलेला श्येन काय करतो? तो वाद घालतो. माझ्या तोंडचे अन्न काढून घेणे हा कोणता धर्म, असे राजाला विचारतो. त्या कथेत श्येन क्रूरपणाचे निव्वळ प्रतीक नाही. त्याला भूक आहे, गरज आहे, आणि त्याची बाजू ऐकून घेतली जाते.

मग विशेषणांचे राज्य आले कोठून? मला वाटते, ते संग्रहालयातून आले. एकोणिसाव्या शतकात पक्षी अभ्यासण्याची रीत म्हणजे तो बंदुकीने पाडायचा, कातडे सोलून त्यात कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि मग मेजावर ठेवून त्याचे वर्णन लिहायचे. त्या काळातील अधिकाऱ्यांनी हे काम अफाट परिश्रमाने केले, आणि त्यावाचून भारतीय पक्ष्यांची शास्त्रीय यादी झाली नसती. परंतु मेजावरच्या कातड्याला विशेषणे असतात, क्रियापदे नसतात. माथा कसा, मान कशी, पोट कसे, पाय कसे, असे डोक्यापासून शेपटीपर्यंत रंग सांगत जाण्याची जी सवय तेथे लागली ती पुढच्या पुस्तकांनी उचलली, आणि त्यांच्यावरून उतरवलेल्या मराठी पुस्तकांनीही.

अशा वर्णनाचा साधारण नमुना असा असतो : 'वरचा भाग राखी-तपकिरी, खालचा भाग पांढुरका व त्यावर तपकिरी आडवे पट्टे, शेपटीवर गडद पट्टे, पाय पिवळे.' हे वर्णन खोटे नाही. पण ते शिक्र्याला लागू पडते, तिशालाही जवळजवळ लागू पडते, आणि गंमत अशी की ते पावशालाही लागू पडते! पावशा म्हणजे 'पेरते व्हा' असे ओरडणारा, प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा, अळ्या खाणारा निरुपद्रवी पक्षी. त्याचे रूप शिक्र्याशी इतके जुळते की, तो झाडावर येऊन बसला तर लहान पाखरे घाबरून पळतात. विशेषणांच्या बळावर पाखरेही फसतात, तेथे आपली काय कथा? पण तो पक्षी क्षणभर पाहत राहा. तो पानांतून अळ्या वेचू लागला, किंवा पाऊस जवळ आलेला असताना तासन्‌तास एकच हाक वरच्या पट्टीत नेत राहिला, की प्रश्न मिटतो. मग त्याची सरळ, बारीक चोच दिसते आणि शिक्र्याच्या आकडेदार चोचीशी तिचे काही नाते नाही हेही कळते. कृती आधी दिसते; रंगरूपाची खात्री मागून होते.

या दृष्टीने पाहता इंग्रजीत दोन पुस्तकांनी रीत बदलली. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांचे पुस्तक १९३४ साली आले. त्यात सारखे दिसणारे पक्षी शेजारी शेजारी काढून, फरक जेथे आहे तेथे बारीक खुणेची रेघ दाखवलेली होती. आपल्याकडे सालिम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' १९४१ साली निघाले. त्यांनी आकार इंचांवर सोडला नाही. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा, अशी मोजमापे धरली. ही युक्ती वरवर साधी दिसते, पण तिच्यात लेखकाची मोठी समजूत आहे. वाचकाला जे आधी ठाऊक आहे त्याच्यावरून त्याला न ठाऊक असलेल्याकडे न्यायचे, हा चांगल्या गद्याचा नियमच आहे. रंगांच्या वर्णनानंतर पक्षी कोठे असतो, काय करतो, घरटे कसे बांधतो, हेही ते सांगतात. एक उणीव मात्र अशा छोटेखानी पुस्तकांत राहतेच : चित्रातला पक्षी बहुधा फांदीवर बसलेला असतो, आणि शिकारी पक्षी आपल्याला बहुतेक वेळा भेटतो तो डोक्यावर, उन्हाच्या विरुद्ध, नुसती काळी आकृती होऊन.

आता पुस्तके मिटून बाहेर पडू. मी राहतो ते नांदगाव पेठ अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. एका बाजूला औद्योगिक वसाहत, वीजकेंद्र आणि टोलनाका. दुसऱ्या बाजूला काळ्या मातीची वावरे. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, धुऱ्यावर बाभळी आणि निंब, आणि सगळ्यांवरून गेलेल्या विजेच्या तारा. अरण्य येथे नाही. तरी दिवाळीच्या सुमारास, पाऊस सरून आकाश धुतल्यासारखे झाले की, या एवढ्या प्रदेशात पाच-सहा प्रकारचे शिकारी पक्षी सहज पाहता येतात.

घार तर आहेच, आणि ती नीट पाहणे ही पहिली इयत्ता आहे. उडताना ती शेपटी सुकाणूसारखी सारखी पिळत असते. शेपटी मिटलेली असली की तिचा दुभंग दिसतो, पसरली की तो नाहीसा होतो. म्हणून 'दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी' एवढ्यावर विसंबणारा अडचणीत येतो. शेपटीचे ते पिळणे ज्याने लक्षात ठेवले तो येत नाही. घार वस्तीवर राहते, उकिरडा धुंडाळते, हातातला घास पळवते. तिची ही चालचलणूक पाठ झाली की, 'ही घार नव्हे' असे म्हणण्याचा अधिकार येतो. आणि ओळखीची सुरुवात या नकारापासून होते.

दुसरी कापशी. पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. कापसाच्या या मुलखात तिचे नाव ऐकताच आम्हाला बोंडातला कापूस आठवावा यात नवल नाही. पण हे सारे वर्णन पक्षी जवळ आल्यावरचे. दुरून ती ओळखू येते ती दोन कृतींनी. तारेवर बसली असता ती शेपटी हळूच वर-खाली करीत राहते. आणि वावरावर उडताना मध्येच एका जागी थांबते, पंख फडफडवीत हवेत उभी राहते, आणि पंख वर उचलून, पाय लोंबते सोडून टप्प्याटप्प्याने खाली उतरते. एकदा धुऱ्यावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी मुद्दाम विचारले, 'काका, ही घारच ना?' ते हसून म्हणाले, 'नाई मास्तर, हे घार नोहे. घार काई एका जाग्यावर उभी रायते का?' या उत्तरात रंग नाही, माप नाही. जे आहे ते एक क्रियापद, आणि तेही घारीशी तुलना करून घातलेले. सालिम अलींनी पुस्तकात जे केले तेच या गृहस्थांनी वावरात केले होते.

हिवाळ्यात खरुचीही येते, आणि तीही हवेत एका जागी थांबते. मग काय करायचे? आता विशेषणांची पाळी येते. खरुची पाठीवर विटकरी, कापशी पांढरी-राखी. खरुचीचे पंख टोकदार, शेपटी लांब आणि थांबताना पंख्यासारखी उघडलेली. क्रियापदाने शेकडो पक्ष्यांतून दोन उरवले, विशेषणाने दोहोंतून एक निवडला. विशेषणांना माझा विरोध नाही. त्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबावे, एवढेच म्हणणे आहे.

तिसरा भोवत्या. हे मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरते येणारे पाहुणे. पंख इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे किंचित वर धरून, पिकाच्या जेमतेम वरून, डावी-उजवीकडे झुकत हा पक्षी वावराचा एक एक पट्टा धुंडाळत जातो, वळतो, पुन्हा येतो. नावातच भोवणे आहे. रात्री तो झाडावर नव्हे, जमिनीवर गवतात मुक्काम करतो. भोवत्यांच्या काही जातींतील माद्या एकमेकींसारख्या इतक्या असतात की, अनुभवी निरीक्षकही वहीत 'भोवत्याची मादी' एवढेच लिहून पुढची जागा कोरी ठेवतो. मला हा कोरेपणा फार मोलाचा वाटतो. जेवढे दिसले तेवढेच लिहायचे, हा नियम आपल्या समीक्षकांनीही पाळण्यासारखा आहे.

शिक्र्याची गोष्ट आणखी निराळी. तो दिसण्याच्या आधी ऐकू येतो, आणि तोही दुसऱ्यांच्या तोंडून. सातभाईंनी अचानक कलकलाट केला, खारी चिरकू लागल्या, की जवळपास शिक्रा आला असे समजावे. मग चार-सहा वेळा पंख मारून तरंगत, जमिनीलगत जाऊन झाडात वर चढणारी आकृती दिसते. तिसा याच्या उलट. बाभळीवर किंवा खांबावर ताठ बसून तो खालच्या जमिनीकडे पाहत असतो, इतका वेळ की माणसाला कंटाळा यावा. आणि पोहऱ्याच्या किंवा मेळघाटच्या रानात गेलात तर दुपारी उंच गिरक्या घेत किंचाळणारा सर्पगरुड भेटतो. रुंद पंखांच्या कडेने गेलेला पांढरा पट्टा खालून स्पष्ट दिसतो. ठिकाण, महिना, चाल, आवाज, आकृती आणि शेवटी रंग, असा हा क्रम आहे. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'त महिन्यामहिन्याने निसर्ग पाहिला आहे. पक्षी ओळखणाऱ्यालाही पंचांग आधी उघडावे लागते. वैशाखात भोवत्या दिसला असे कोणी म्हटले तर त्याला पुन्हा पाहायला सांगणे बरे.

आपल्या लोकांनी पक्ष्यांना दिलेली नावे पुष्कळदा याच दृष्टीची आहेत : भोवत्या भोवतो, सापमार साप मारतो. मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोशा'त निरनिराळ्या भाषांतील आणि बोलींतील अशी नावे एकत्र केली, हे त्यांचे मराठीवर मोठे ऋण आहे. वनखात्यातील नोकरीची वर्षे त्यांनी रानांतल्या लोकांकडून शब्द शिकण्यात घालवली. २०२५ साली ते गेले. त्यांच्या मागे कोश उरला आहे. पण कोशातला शब्द तोंडात आणायचा तर पक्षी डोळ्यांसमोर असावा लागतो, आणि ते काम कोशकाराने आपल्यासाठी करून ठेवलेले नाही.

ओळख चुकली किंवा खोटी ठरली तर काय होते, याचे एक उदाहरण आमच्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. रानपिंगळा हा लहानसा शिकारी पक्षी, घुबडाच्या कुळातला. आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात १८७२ साली ब्लुइट यांना तो मिळाला आणि ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे खानदेशात डेव्हिडसन यांनी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर तो कोणाला मिळाला नाही; जगातील संग्रहालयांत मिळून अवघी सात कातडी होती. एक नोंद मात्र नंतरची होती : कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी गुजरातेतील मांडवी येथे १९१४ साली तो मिळवल्याचे एका कातड्याची चिठ्ठी सांगत होती. नंतर पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी दाखवून दिले की, ते कातडे डेव्हिडसन यांच्याच नमुन्यांपैकी होते. चोरून, नव्याने शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती. पक्षी खरा, पिसे खरी, रंग खरा. ठिकाण आणि साल खोटे. विशेषणे सगळी बरोबर असूनही वर्णन खोटे असू शकते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी ती खोटी नोंद बाजूला ठेवली आणि खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग धरला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळच्या रानात, भर सकाळी उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षे! ओळख पटवताना विशेषणे कामी आलीच : माथ्यावर आपल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नाहीत, पोट मध्यभागी पांढरे, पाय जाड पांढऱ्या पिसांनी झाकलेले. पण ती तपासण्याची संधी मिळाली ती योग्य रानात, योग्य वेळी वर पाहिल्यामुळे. हा पक्षी दिवसा वावरतो, हे पुढे जिवंत पक्षी पाहूनच नीट कळले. कातडी ते सांगू शकली नव्हती. यानंतर तो मेळघाटातही आढळला, म्हणजे आमच्या अमरावती जिल्ह्यात. नुसत्या 'घुबड' या शब्दावर समाधान मानणाऱ्याला तो दिसूनही दिसला नसता.

यात गमावण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्याला मी गिधाडाकडे बोट दाखवीन. पांढऱ्या पाठीचे गिधाड एके काळी गावोगावी होते. १९९२ ते २००७ या काळात भारतातील त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली असे अभ्यासकांनी मोजले. गुरांना दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने मेलेल्या जनावराचे मांस त्यांना विष ठरत होते, हे २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ साली भारतात गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. इतके मोठे पक्षी इतक्या थोड्या वर्षांत नाहीसे होत असताना आपल्या वर्तमानपत्रांत, भाषणांत, नाटकांत 'गिधाडे' पूर्वीसारखीच घिरट्या घालत होती. शब्द जिवंत असल्यामुळे पक्षी मरतो आहे हे भाषेला कळलेच नाही. आणि ज्याला शिवी म्हणून वापरत होतो तो मेलेली जनावरे साफ करून रोगराई रोखणारा प्राणी होता, हेही आपल्याला तो गेल्यावर समजले.

कापशीचेही असेच होऊ शकते. कोंबडीचे पिलू नेणारी ती 'घार' आणि उंदीर टिपणारी कापशी यांना एकच नाव दिले की, शिक्षा कोणाला होईल हे ठरलेले आहे. वावरातले उंदीर खाणाऱ्या पक्ष्याला गोफणीचा दगड बसतो तो रागाने नव्हे, शब्द अपुरा पडल्यामुळे.

म्हणून मराठीत पक्ष्यांवर लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. पुढच्या पुस्तकात प्रत्येक शिकारी पक्ष्याच्या वर्णनाचे पहिले वाक्य असे असावे की ज्यात तो काहीतरी करीत आहे. आणि ते वाक्य, जेथे मिळेल तेथे, त्या पक्ष्याच्या मुलखातील माणसाच्या बोलीतून घ्यावे. वाचकांकडे तर त्याहून साधी. या दिवाळीत मुले गच्चीवर आकाशकंदील बांधायला चढतील, तेव्हा वर काहीतरी उडत असेलच. 'ते काय आहे?' असे त्यांना विचारू नका. 'ते काय करते आहे?' असे विचारा. नाव सांगायला वेळ लागेल, कदाचित त्या दिवशी सापडणारही नाही. पण मुले वर पाहत उभी राहतील, आणि पुढचे काम तो पक्षी स्वतः करील.